सहा पायांचे यंत्र आणि परस्पर मागे घेतलेली तक्रार

प्रति,
मा. संचालक,
यंत्रसंशोधन संस्था,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : 'मुंगळा' या चालत्या यंत्राबाबतची तक्रार अर्जदाराने मागे घेतलेली नसल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. ४ मार्च.
२) तक्रार मागे घेत असल्याचे अर्जदाराच्या नावचे पत्र, दि. १९ मार्च.
३) आपल्या कार्यालयाचे आभारपत्र, दि. २६ मार्च.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या संस्थेच्या यंत्रशाळेत बावीस वर्षे उपकरण दुरुस्तीकार आहे. संदर्भ क्र. ३ अन्वये आपण तिच्या "समजूतदारपणाबद्दल" आभार मानले असून तशी नोंद सेवापुस्तकात घेतल्याचे कळवले आहे. शिपायाने आणून दिलेले ते पत्र तिने उभ्याउभ्या दोनदा वाचले, मग स्टुलावर बसून तिसऱ्यांदा वाचले. संदर्भ क्र. २ चे पत्र तिने लिहिलेले नाही. त्यावरील सहीही तिची नाही.

२. संस्थेतील ज्या संशोधकाविरुद्ध मूळ तक्रार आहे, तो अर्जदाराचा धाकटा दीर. सतराव्या वर्षापासून नोकरी लागेपर्यंत तो तिच्याच घरी राहिला. मुंगळा हे तळहाताएवढे, सहा पायांचे यंत्र दोघांनी मिळून पाच वर्षांत उभे केले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसापर्यंत जाईल असे काहीतरी करायचे होते. मुंगळ्याच्या पोटात संगणक नव्हता. पाय टेकला की सुटला, असा हो-नाहीचा निवाडा त्यात कुठेच नव्हता. पाय किती टेकला आहे, एवढेच विचारले जाई, आणि उत्तर म्हणून शून्य आणि एक यांच्या दरम्यान कुठेही थांबणारा विद्युतदाब मिळे. 'हा आणि तो' म्हणायचे तर दोन दाबांतला कमी घ्यायचा, 'हा किंवा तो' म्हणायचे तर जास्त. ही रीत दिराने वाचून आणली, हे अर्जदार प्रांजळपणे मान्य करते. शेजारचे दोन्ही पाय जितके भक्कम टेकलेले, तितकाच मधला पाय उचलायचा, ही युक्ती मात्र तिची. पतीसोबत जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवताना "तुम्ही जितकं घट्ट धराल तितकंच मी उचलणार" असे ती म्हणाली आणि तिथल्या तिथे तिला पायांचे कोडे सुटले. कपाट जिन्यात तसेच ठेवून ती कागद शोधायला गेली, याचे पती साक्षीदार आहेत. त्यांच्या साक्षीबद्दल पुढे लिहिले आहे.

३. दि. २२ फेब्रुवारीस मूल्यमापन समितीसमोर चाचणी होती. तीन दिवस आधी दीर यंत्रशाळेत आला. "वहिनी, मुंगळा माझ्याकडे राहू दे, जरा रंग देतो," म्हणाला. अर्जदाराने विश्वासाने दिला. चाचणीत खडीच्या ताटावर मुंगळ्याचे पाय थरथरू लागले. टेकला, सुटला, टेकला, असे चालले होते. अखेर डावीकडचे तिन्ही पाय एकदम उचलले गेले आणि यंत्र टेबलावरून पडून मागचा पाय मोडला. अर्जदाराच्या हातचा मुंगळा अशा खडीत हळू होत असे, पण पडत नसे. अहवालात दिराने लिहिले : "सोल्डरचे जोड कच्चे. दुरुस्तीकाराचा निष्काळजीपणा." दुसऱ्याच दिवशी अर्जदाराला टेबलावरून उठवून छताचे पंखे दुरुस्त करायला लावले.

तिने त्याला जिन्यात गाठले. तो म्हणाला, "समितीला 'थोडंसं' कळत नाही गं वहिनी. पाय वर की खाली, एवढंच कळतं. म्हणून तुझं सर्किट काढून तयार चिप बसवली." मग जोड कच्चे असे का लिहिले, हे विचारल्यावर म्हणाला, "काहीतरी लिहावं लागतंच ना." असे म्हणून तो मोबाइल बघत वर निघून गेला.

४. म्हणून दि. ४ ची तक्रार. मागणी एकच होती : यंत्र सर्वांसमक्ष उघडावे. आत अर्जदाराचे सर्किटच नसेल तर कच्चे जोड तिचे कसे? आपण ते मान्य करून दि. २० मार्च ठरवली, त्याबद्दल ती ऋणी आहे. दि. १९ रोजी तक्रार मागे घेतल्याचे पत्र आले आणि कार्यक्रम रद्द झाला.

५. अर्जदाराचे पती शाळेत चित्रकला शिकवतात. सदर पत्रावरील सही अर्जदाराच्या सहीपेक्षा चांगली आहे. सहा वर्षांपूर्वी तिचा अंगठा भाजला, तेव्हापासून तिच्या सहीची शेवटची रेघ मध्येच तुटते. पत्रातली रेघ सलग आहे. पतींच्या वहीच्या मागच्या पानावर अशा अकरा सह्या सापडल्या; सातवी हुबेहूब जमली आहे.

ते पान समोर ठेवल्यावर त्यांनी नाकारले नाही. "घरातलं भांडण तू ऑफिसात नेलंस, मी परत आणलं," म्हणाले. "तो विभागप्रमुख होईल. तुझी चार वर्षं उरलीत. पंख्यांचं काम काय वाईट आहे?" आणि चहा टाकू का, असेही विचारले.

महोदय, दिराचे वागणे अर्जदाराला निदान समजते. बढती समोर दिसली की माणसे घसरतात. परंतु मुंगळ्याचा एकूणएक जोड जेवणाच्या टेबलावर झाला आणि प्रत्येक जोडावर भिंग पतींनी धरले होते. एखादा कच्चा राहिला तर "हा पुन्हा कर" असे तेच सांगत. जोड पक्के होते हे जगात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. तरीही त्यांनी सही केली, आणि तीही तिच्या नावाने. हा परिच्छेद अर्जाच्या कक्षेत बसत नसल्यास वगळावा.

६. सबब विनंती की :
(अ) संदर्भ क्र. २ चे पत्र रद्द समजून मूळ तक्रार कायम ठेवावी.
(आ) यंत्र दिराच्या समक्ष उघडावे. अर्जदार हात लावणार नाही, लांब उभी राहील.
(इ) सेवापुस्तकातील "समजूतदारपणाची" नोंद खोडावी. अर्जदार समजूतदार नाही.
(ई) यापुढील कोणतेही पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नये. दि. ३० मार्चपासून अर्जदार यंत्रशाळेतील लेथवाल्यांच्या थोरल्या बहिणीकडे वरच्या खोलीत राहते. दारावर नाव अद्याप लावलेले नाही. टपालवाल्याने खालून हाक मारावी. ती खाली येऊन पत्र घेईल.

आपली, अद्याप कामावर असलेली,
(सही, लेथवाल्यांच्या समक्ष)
उपकरण दुरुस्तीकार, यंत्रशाळा
दि. २ एप्रिल

सोबत : १) सर्किटची मूळ वही. २) मागील पाच वर्षांच्या हजेरीपटांवरील सह्यांच्या प्रती. ३) चित्रकलेच्या वहीतील एक पान.