तुझ्या नावाचा करंडक

प्रिय सुनंदा,

पत्र लिहिणाऱ्यातला मी नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? लग्न ठरल्यावर तू धुळ्याहून पानंच्या पानं पाठवायचीस आणि मी उत्तरादाखल पोस्टकार्ड टाकायचो, तेही निम्मं कोरं. पण आज अडचण आली आहे आणि ती तुझ्याच नावाची आहे. मग दुसऱ्या कुणाला विचारू?

मिलिंद यायचा आहे संध्याकाळी. तुझा पहिलावहिला पीएचडीचा विद्यार्थी! चंद्रपूरहून येऊन खडकीला मामाच्या क्वार्टरमध्ये राहिलेला आणि आपल्याकडे जेवायला आला की आमटी वाटीनं पिणारा तो मुलगा आता एका मोठ्या रसायनांच्या कारखान्यात सुरक्षाप्रमुख आहे. केस पांढरे झालेत, मांजरी गावात फ्लॅट घेतलाय. गेल्या रविवारी तो पेढे घेऊन आला. मला वाटलं मुलाचं कुठे जमलं. तर म्हणाला, "सर, मॅडमच्या नावानं कंपनी करंडक सुरू करतेय. तुमची सही हवी."

पिशवीतून त्यानं चित्र काढलं. चांदीचा मुलामा, मधोमध हे एवढं मोठं शून्य आणि शून्याच्या पोटात तुझं नाव, पदवीसकट. खाली लिहिलेलं, 'शून्य अपघात करंडक'. ज्या खात्यात वर्षभर एकाही अपघाताची किंवा धोक्याची नोंद होणार नाही, त्याला तो मिळणार.

हसू नकोस. तू आत्ता डोळ्याला पदर लावून हसत असणार, मला ठाऊक आहे.

पण खरं सांगू? क्षणभर मला फार बरं वाटलं. तुझ्या संस्थेनं शोकसभा घेतली, तीत नवीन संचालकांनी तुझा विषय 'मनुष्यबळ' म्हणून सांगितला आणि घड्याळ बघितलं. आयुष्यभर राबलेल्या बाईचं नाव कुठेतरी कोरलेलं असावं, असं नवऱ्याला वाटलं तर त्यात काय चुकलं? मी मिलिंदला म्हटलं, विचार करून सांगतो. आठवडाभर तोच विचार करतोय.

तुझा विषय आपल्याकडे कळला तरी कुणाला होता गं? देशात सगळं नुकतं खुलं व्हायला लागलं होतं, जो तो नव्या नोकऱ्यांच्या जाहिराती कापून ठेवत होता, आणि तू कारखान्यातली चांगली इंजिनिअरची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थिनी झालीस. आईनं विचारलं, "नक्की शिकणार काय?" तू शांतपणे सांगितलंस, "कारखान्यात अपघात का होतात हे सगळेच बघतात. बहुतेक दिवस ते का होत नाहीत, ते मला बघायचंय." आईनं निवडलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे जे झालंच नाही त्याचा अभ्यास? आणि त्याचा पगार देतात?"

मीही काही कमी छळलं नाही तुला. मी शनिवार पेठेतल्या शाळेत गणित शिकवणारा मास्तर, माझी उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली. तुझ्या पुस्तकांना उत्तरांचं पानच नसे! "इतकी वर्षं शिकून शेवटी म्हणायचं काय, तर सांगता येत नाही," असं मी चारचौघांत म्हणायचो, आणि तू म्हणायचीस, "अहो मास्तर, सांगता येत नाही हे सांगता येणं फार अवघड असतं." लोक हसायचे. मीही हसायचो.

तुला कामगारांची पाळी बदलताना कारखान्यात जाऊन बसायचा नाद. जाणारा माणूस येणाऱ्याला काय सांगून जातो, एवढंच ऐकायचं. बहुतेक जण 'सगळं ठीक आहे' म्हणून डबा उचलायचे. एक दिवस मात्र तू अशी खुशीत घरी आलीस की मला वाटलं बढती मिळाली. कुणी एक ऑपरेटर दुसऱ्याला सांगून गेला होता, "पंप चालू आहे, काटाही बरोबर आहे, पण त्याचा आवाज मला पटत नाही." काटा बरोबर असताना आवाज न पटणं आणि तसं बोलून दाखवणं! त्या एका वाक्याचं कौतुक तू आमटीला फोडणी देईपर्यंत करत होतीस. फोडणी जळली, तो भाग वेगळा.

आणि तो पाटीवाला कारखाना? तिथे मी तुला न्यायला आलो होतो स्कूटरवरून, म्हणून मला तो नीट आठवतो. फाटकात भली मोठी पाटी, 'अपघाताविना दिवस', आणि त्यापुढे रोज वाढणारा आकडा. तुझं डोकं दुखत होतं म्हणून आपण समोरच्या मेडिकलमध्ये गोळी घ्यायला गेलो. फळीवर बघावं तर भाजल्यावर लावायच्या मलमांची रास. तू सहज विचारलंस, एवढं मलम कशाला? दुकानदार म्हणाला, "मॅडम, समोरच्या पाटीवरच तर आमचं दुकान चालतं."

तू तिथेच थांबलीस. गोळी घ्यायची विसरलीस. पुढे तुला कळलं की पाटी वर्षभर टिकली की खात्यातल्या प्रत्येकाला दिवाळीत स्टीलचा डिनर सेट मिळायचा. मग कुणाचा हात भाजला तर तो आपला हात खिशात घालून बाहेर यायचा आणि समोरून मलम घ्यायचा. आपल्यामुळे पन्नास घरांचा डिनर सेट जाऊ नये! साहेब खूश, पाटी खूश. तू लिहिलंस की ही पाटी अपघात थांबवत नाही, तोंडं थांबवते. त्या कारखान्यानं तुला पुन्हा आत घेतलं नाही. पुढचे कित्येक महिने तू अभ्यासाला दुसरा कारखाना शोधत फिरलीस.

मग आयटीवाले आले. हिंजवडीला जाताना तू पंजाबी ड्रेस घालायला लागलीस आणि तिथली पोरं पडद्यावरचे हिरवे दिवे दाखवून तुला सांगायची, "मॅम, सगळं ग्रीन आहे." तू म्हणायचीस, सगळंच हिरवं दिसलं की मला आधी शंका येते. दोन हजार साल लागलं तेव्हाचं आठवतं? संगणक बंद पडणार, विमानं पडणार म्हणून केवढी ओरड होती. एक जानेवारीला सकाळी काहीच झालेलं नव्हतं. सोसायटीत सगळे तुझी टर उडवत होते, "काय मॅडम, उगाच बागुलबुवा!" तू चिडली नाहीस. घरात आल्यावर मात्र म्हणालीस, "ज्यांनी महिनोन्‌महिने बसून ते होऊ दिलं नाही, त्यांना कुणी हारही घालणार नाही." तेव्हा मी पेपर वाचत होतो. मान वर केली नाही.

आता एक तक्रार ऐक. तुझ्या आजारपणात तो तरुण डॉक्टर रोज सांगायचा, "काळजी करू नका, सगळं व्यवस्थित होईल." मला तेवढंच हवं होतं. आणि तू काय विचारलंस त्याला? "डॉक्टर, तुम्हाला स्वतःला कशाची खात्री वाटत नाहीये, तेवढं सांगा." तो बावरला. मग त्यानं स्टूल ओढलं, पहिल्यांदाच तुझ्याशेजारी बसला, आणि सांगितलं सगळं. तू त्याचे आभार मानलेस! मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

त्यामुळे आपली लेक मुक्ता बंगळुरूहून वेळेत आली, तुझ्याजवळ राहिली, तुम्ही दोघी मनसोक्त बोललात, हे सगळं मला कबूल आहे. पण सुनंदा, एकदा तरी, फक्त माझ्यासाठी, "मला काही होणार नाही" असं खोटं बोलायचंस! काय बिघडलं असतं?

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. पुण्यात भर दुपारी बेल वाजवणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा अडचणीतला. मिलिंदच होता, संध्याकाळची वाट न बघता आलेला.

तो आत्ताच गेला. चहा ठेवलाय. आता पुढचं लिहितो.

"जय भीम सर. झोपमोड केली का?"

"जय भीम. झोप कुठली? ये, बैस." तो बसायच्या आत मी सांगून टाकलं, नाही तर माझा धीर सुटला असता. "मिलिंद, त्या करंडकावर तिचं नाव नको."

त्याचा चेहरा एकदम पडला गं. "सर, मॅडमचं नाव राहावं म्हणून मी वर्षभर वरच्यांच्या मागे लागलोय. मला काय कळत नाही का? पण त्यांना दुसरं काही समजतच नाही. शून्य समजतं. हे नाही तर मग काहीच नाही, सर."

"मग बक्षीस त्याला द्या, जो येऊन सांगेल की माझ्याकडे हे चुकलं, किंवा चुकणार होतं."

तो कसंनुसं हसला. "स्टेजवर चढून? सगळ्यांसमोर? कोण येईल, सर?"

"कुणी नाही आलं तर करंडक कपाटात राहू दे."

"आणि लोक हसतील त्याचं काय?"

मी विचारलं, "तू येशील का?"

मी हे काही ठरवून विचारलं नव्हतं, तुझी शपथ. वर्गात एखाद्या मुलाला उभं करावं तसं तोंडातून गेलं.  टेबलावर मागच्या रविवारचा पेढ्यांचा रिकामा बॉक्स होता, मिलिंद त्याचं झाकण उघडत मिटत राहिला.  मग त्याचं इतक्या वर्षांत पुण्याचं झालेलं मराठी पार मागे गेलं.

"मले माहीत होतं सर. एका लाईनवर वायुगळतीचा भोंगा आहे. उगाच वाजते म्हणून पोरांनी त्यात फडकं कोंबलं. फेरीवर मी डोळ्यानं पाहिलं. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर यंदाचं शून्य गेलं असतं, आणि मॅडमचा करंडक पहिल्याच वर्षी..." 

ऐकलंस ना? तुझ्याच नावाखातर, तुझ्याच विद्यार्थ्यानं!

मी त्याला रागावलो नाही. रागवायला मी कोण? तूही रागावली नसतीस. तू त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला असतास, म्हणून मी तेवढं केलं. पाणी पिऊन तो गॅलरीत गेला आणि फोनवर बोलला. मला सगळं ऐकू येत होतं. "भोंग्यातलं फडकं काढा. आत्ताच्या आत्ता. आणि तो का वाजतोय ते कळेपर्यंत ती लाईन बंद. हो, माझ्या नावावर लिहा. मी पाहिलं होतं असंही लिहा." पलीकडून कुणीतरी बरंच ओरडत होतं. हा नुसता "हो" म्हणत होता.

भोंगा खरंच काही सांगत होता की नुसताच बिघडला होता, अजून कळलेलं नाही. करंडक तर गेलाच म्हणायचा. तुझं नाव कुठे लागेल असं आता वाटत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतंय. ते तुझ्यापासून कशाला लपवू?

जाताना चपला घालता घालता मिलिंदनं विचारलं, "सर, तुम्ही कसे आहात?"

"उत्तम!" मी म्हणालो. "एकदम झकास."

त्याची नजर माझ्या कोपरावर गेली. चांगलं काळंनिळं झालंय अजून. "हे काय?"

"काही नाही रे. दार लागलं."

त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडे, आणि जिना उतरून गेला. माणसाकडे असं बघायला तूच शिकवलंयस त्याला!

दार नव्हतं लागलं, सुनंदा. गेल्या मंगळवारी मी बाथरूममध्ये घसरून पडलो. बराच वेळ उठता येईना. मुक्ता रोज संध्याकाळी फोन करते, "बाबा, काय म्हणताय?" आणि मी रोज सांगतो, झकास. तिला कळलं तर ती मला बंगळुरूला उचलून नेईल, हे घर सुटेल, तुझी पुस्तकांची कपाटं सुटतील, ही भीती. तू गेल्यापासून जेवण नीट जात नाही, हेही तिला सांगितलेलं नाही. परवा दूध ठेवून विसरलो, पातेलं जळलं, ते गुपचूप भंगारात दिलं.

आता तिचा फोन येईल. घर सुटेल की राहील, मला सांगता येत नाही. पण आज मी झकास म्हणणार नाही, हे तुला वचन. तिला सगळं सांगेन. बाबा पडला होता, फरशीवर बसून त्यानं मोठ्यांदा हाक मारली, आणि ती हाक तिच्या आईला, तुला होती, हेसुद्धा सांगेन.

तुझाच,
वसंत