मागची बाजू चिकटवू नये

मी, खाली सही करणारी, पेपरातल्या व्यंगचित्रकाराची धाकटी लेक, वय ब्याऐंशी, शिक्षण दुसरीपर्यंत, पूर्ण शुद्धीत राहून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्याच हौसेने हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे कामातून गेलेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाले.

१. दोन खोल्यांचं हे घर दोन्ही मुलांचं, निम्मं निम्मं. मधे भिंत घालू नये. घालायचीच झाली तर मोरी कुणाकडे जाणार ते आधी ठरवा, म्हणजे भिंत आपोआप राहून जाईल.

२. बँकेत उरेल ते दोघांचं. फारसं उरणार नाही, तेव्हा भांडायला बसू नका.

३. लाकडी शिडी शेजारणीला. ती कित्येक वर्षं तिच्याकडेच आहे. आता कायद्यानेही तिची झाली.

४. वडिलांचे टाक आणि दौत नातीला, कारण ती टाक तोंडात धरत नाही. वडील धरायचे. दात शेवटपर्यंत काळे राहिले, आणि लोकांना वाटायचं तंबाखू.

५. आता मुख्य. लोखंडी पेटीतली वडिलांची सगळी व्यंगचित्रं.

वडील रोज नगराध्यक्षांचं पोट काढायचे. छपाईचा ठसा झाला की चित्र घरी परत यायचं. आईला लिहिता येत नव्हतं, आणि सासूसमोर नवऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. मग ती काडी शाईत बुडवायची आणि परत आलेल्या चित्राच्या पाठीवर वडिलांनाच काढायची. भाजी आणायला विसरले की रिकामी पिशवी धरलेलं गाढव, चष्मा मात्र वडिलांचा. वडील बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी भाजी यायची.

एकदा संपादकांनी एक जुनं चित्र पुन्हा छापायला मागवलं, आणि ठसेवाल्याने कागद उलटा धरला. पेपरात आला तो आईने काढलेला, खुर्चीत घोरणारा, पोट सुटलेला माणूस. म्हणजे वडील. गावभर वाहवा झाली, नगराध्यक्ष इतके हुबेहूब कधी उतरलेच नव्हते म्हणे. वडील घरी येऊन आरशासमोर उभे राहिले, पोट आत ओढलं, आणि हळूच आईला म्हणाले, "तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. कुणाला बोलू नकोस, नोकरी जाईल माझी." ती दोघं हे कधी कुणाला बोलली नाहीत. मी आज बोलते.

ही चित्रं मागायला आलेले संग्रहालयाचे साहेब भला माणूस. कागदांचा चुरा होऊ नये म्हणून ते पुठ्ठ्यावर चिकटवायचे म्हणतात. आमच्या थोरल्याचं म्हणणं, खुशाल चिकटवा, मागे नुसत्या रेघोट्या आहेत. साहेबही म्हणाले, "आजी, भिंतीवर लावल्यावर मागची बाजू कोण बघणार?"

मी म्हटलं, "साहेब, माझी आई तिथेच आहे. तिचा फोटो नाही, सही नाही. एवढंच आहे."

मग साहेब एकेक चित्र उलटून बघत बसले. गाढवाशी आले तेव्हा त्यांना हसू आवरेना.

म्हणून पेटी संग्रहालयाला, पण अटीवर. दोन्हीकडून काच लावून चित्रं खोलीच्या मधोमध टांगायची, लोकांनी फिरून बघावं. पुढे वडिलांच्या नावाची पाटी, मागे आईच्या. अट मोडली तर पेटी धाकट्या सुनेची. तिला उलट बोलता येतं, उत्तम येतं. ती घेऊन येईल.

६. थोरल्याला रेघोट्या म्हटल्याबद्दल दंड. चित्रं लोकांसाठी खुली होतील त्या दिवशी त्याने मागच्या बाजूला उभं राहावं आणि येईल त्याला सांगावं, ही माझी आजी.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी दोनदा हसले, आणि सही केली.

(सही) व्यंगचित्रकाराची धाकटी लेक

साक्षीदार:
१. वकील
२. संग्रहालयाचे साहेब (पाचवं कलम त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं)

धाकट्या सुनेला पेटी मिळू शकते म्हणून तिची साक्ष चालत नाही. ती दाराआड उभी राहून ऐकते आहे.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च १९९४