पाचव्या क्रमांकाचं मत

मी, व्हर्नन लीलंड टिडवेल, वय वर्षे एकोणऐंशी, काउंटीच्या वर्तमानपत्राचा निवृत्त क्रीडा वार्ताहर, राहणार पेकन रस्ता, हार्लन फेरी, आर्कान्सा, हे माझं शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. हृदय फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणतात. डोकं मात्र शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर बरं झालं असतं, कारण दबावाशिवाय मी आजवर एकही अवघड गोष्ट केलेली नाही.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासह, माझी मुलगी मार्लीस हिला द्यावं. तिच्या आईचं, म्हणजे ओपलचं, शेवटचं दुखणं तिनेच काढलं. मी शेजारच्या खोलीत सामने बघत होतो. अंगणातलं पेकनचं झाड तोडू नये. शेजारी ग्रेडी पुलम कुंपणावरून हात घालून अक्रोडासारखी ती फळं नेतो आणि त्यांचाच केक करून चर्चमध्ये वाहवा मिळवतो. त्याला मी माफ केलेलं नाही, पण फळं नेऊ द्यावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मार्लीसनेच करावी.

कलम २. होडी, तिचं इंजिन आणि पिकअप गाडी माझा मुलगा क्लेटन याला. गाडीचा दुसरा गियर अडतो, हे त्याला माहीत आहे.

कलम ३. टिंबरलेक स्टेट कॉलेजच्या मैदानावरच्या माझ्या दोन राखीव खुर्च्यांपैकी एक क्लेटनला आणि दुसरी माझा मित्र ब्युफोर्ड हॅच याला. दोघांनी शेजारी शेजारी बसावं. ब्युफोर्डला ही भेट आहे आणि शिक्षाही. ती का, हे लिहिल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही.

डॉटीच्या कॅफेत खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही पाच-सहा जण चाळीस वर्षं रोज सकाळी एकाच गोष्टीवर भांडलो: कॉलेज फुटबॉलच्या अजिंक्यपदाची संधी कोणाला मिळावी. पावासारखी गरम बिस्किटं थंड व्हायची, ग्रेव्हीवर साय धरायची, पण कोणी मागे हटायचं नाही. त्या काळी अंतिम सामना दोनच संघांचा असे, आणि ते दोन कोण हे देशभरातले आम्ही एकसष्ट मतदार संघांना क्रमांक देऊन ठरवत असू; जितका वरचा क्रमांक, तितके जास्त गुण. टेबलावर मत असलेला मी एकटा. बाकीच्यांची नुसती तोंडं.

बावीस वर्षांपूर्वी टिंबरलेक स्टेटने बाराच्या बारा सामने जिंकले. लहानसं कॉलेज, लहानसं मैदान. त्या संघात प्रत्येक डावाला वाकून चेंडू पायांमधून मागे देणारा पोरगा माझा होता. क्लेटन. पहिली जागा ठरल्यासारखीच होती; दुसरीसाठी त्यांच्याशी स्पर्धा होती ती एक सामना हरलेल्या, पण नव्वद हजारांचं मैदान असलेल्या बड्या विद्यापीठाची. शेवटच्या मतदानाच्या आदल्या सकाळी ब्युफोर्ड सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असा ओरडला, "काय व्हर्नन, मजा आहे बुवा! पोरगा मैदानात आणि बाप मतदार! घरचाच पंच म्हटल्यावर हरायची भीती कशाला?"

सगळे खिदळले. मीही हसलो, पण ते मला लागलं. तोवर माझ्या निःपक्षपातीपणाला कोणी बोट लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टिंबरलेकला पाचव्या क्रमांकावर टाकलं. मनातून मी त्यांना दुसरं मानत होतो. विचार केला, बाकीचे साठजण त्यांना न्याय देतीलच, माझ्या एका मताने काय बिघडतं? आणि उद्या कोणी विचारलंच तर मी स्वच्छ. लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

टिंबरलेक तिसरं आलं. दोन गुणांनी. मी त्यांना दुसरं लिहिलं असतं तर ते दोन गुण भरून वर उरले असते. अंतिम सामना बड्यांना मिळाला. आमची पोरं कुठल्याशा अर्ध्या रिकाम्या मैदानावर एकतीस गुणांनी जिंकून घरी आली.

ओपलने विचारलं, "कितवं टाकलंस रे आपल्या पोराला?" मी म्हणालो, "दुसरं." ती बिचारी हे सगळ्या चर्चला सांगत सुटली.

कितव्या क्रमांकाची किती मतं पडली ही गोळाबेरीज वर्तमानपत्रांनी छापली, मतदारांची नावं छापली नाहीत. क्लेटन आजही डिसेंबर आला की म्हणतो, "साठ जण शहाणे होते, डॅडी, आणि एकच गाढव. पाचवं टाकलं आम्हाला! तुम्ही तर त्या सगळ्यांना ओळखत होता. कोण असेल हो?"

"काय माहीत, बाळा," मी म्हणतो. बावीस वेळा म्हणालो आहे.

कलम ४. माझी मासेमारीच्या गळांची हिरवी पेटी क्लेटनला. खालच्या कप्प्यात त्या मतपत्रिकेची प्रत आहे. क्लेटन, तो गाढव मी. आता बारा संघांना संधी मिळते. उद्या निवड समितीची यादी लागेल आणि टेबल तेराव्या संघासाठी भांडेल. तुझ्या वेळी दोनच होते. मला ते बदलता येत नाही. तू दर शनिवारी येतोस, माझी औषधं डबीत लावून देतोस, आणि मी तुझ्या बोटातल्या अंगठीकडे बघत बसतो, जिच्यावर कॉलेजने नुसतं 'अपराजित' कोरून दिलं, कारण दुसरं काही कोरण्यासारखं तू माझ्यामुळे जिंकू शकला नाहीस. मला तुझा फार अभिमान आहे, आणि तुझी फार भीती वाटते.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला पाद्रीसाहेबांनी मला प्रामाणिक म्हणू नये.

वरील मजकूर मी माझ्या घरी, साक्षीला बोलावलेल्या डॉटीसमोर, ब्युफोर्डला आत्ता वाचून दाखवला. त्याने कागद माझ्या हातून घेऊन चौथं कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मी तर थट्टा केली होती रे, व्हर्नन."

"माहीत आहे मला."

"मी सही करतो. पण पोराला तू जिवंतपणी सांग. तो बघ, आलाच."

क्लेटनने खिडकीवर टकटक केलं. "डॅडी, आधी पानं गोळा करू की सामना लावू?"

मी म्हणालो, "आधी पानं."

यापुढे मला काही लिहिता येत नाही. म्हणून सही करतो.

ठिकाण: हार्लन फेरी, आर्कान्सा
दिनांक: शनिवार, ६ डिसेंबर २०२५

(सही) व्हर्नन लीलंड टिडवेल

साक्षीदार १: डॉटी मे क्रेन, कॅफेची मालकीण. सही माझ्यादेखत झाली.

साक्षीदार २: माझ्या नावावर खुर्ची असल्याने माझी साक्ष चालणार नाही असं डॉटी म्हणते. मग खुर्चीवरचं माझं नाव खोडा, साक्ष ठेवा. व्हर्ननने माझ्यासमोर सही केली. क्लेटन खिडकीबाहेर अर्धा तास पानं ओढत होता. व्हर्ननने त्याला हाक मारली नाही, आणि मीही मारली नाही.
(सही) ब्युफोर्ड हॅच