बोटभर हिरवी वायर

प्रिय वहिनी,

पत्रिका वाटून झाल्यावर दादानं वास्तुशांत पुढं ढकलली. नातेवाईक विचारतात, काहून? दादा म्हणतो, "हाय काई काम." खरं कारण आधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहायला बसले.

घर बडनेऱ्याच्या बाजूला, नव्या लेआउटमध्ये आहे. तुम्ही गेल्यावर दादाला अकोल्यात राहवेना. त्यानं अमरावतीला बदली मागून घेतली. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा दादा, मी आणि तुमची गौरी खडू घेऊन लाइटचे पॉइंट ठरवायला गेलो. ओट्यावर मिक्सरचा, शेजारी फिल्टरचा, पलंगाच्या उशाशी मोबाईलचा. अकोल्याच्या भाड्याच्या घरात तुम्हाला एकाच बोर्डावर मिक्सर काढून इस्त्री लावावी लागायची, आठवतं? "माह्या घरात मी हरएक भिंतीले बोर्ड लावीन," म्हणायच्या तुम्ही.

गौरीनं खिडकीखाली कूलरसाठी फुली मारली. दादानं ती तळहातानं पुसली. तिनं पुन्हा मारली.

"बाबा, मे महिन्यात काय करायचं मग?"

दादा अंगणात जाऊन उभा राहिला. फुली राहिली.

वहिनी, अकोल्यात तुम्ही गप्प का बसलात? कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, हे तुम्ही माझ्यासमोर दादाला सांगितलं होतं. त्यानं पेपरातून मान वर केली नाही. "चप्पल घालून पानी टाक," म्हणाला. आणि तुम्ही तसं करत राहिलात. भांडायचं होतं ना. तो कूलर अंगणात नेऊन टाकायचा होता. त्या दुपारी फरशी ओली होती आणि चपला दाराशी होत्या. गौरी शाळेतून आली तेव्हा तुम्ही खाली पडलेल्या होतात आणि कूलर चालूच होता.

त्यानंतर दादानं तुमच्या मरणाबद्दल एक शब्द काढला नाही. गौरीजवळ नाही, माझ्याजवळही नाही.

रंग झाला, बोर्ड बसले. सामानातला फ्रिज आधी नेऊन लावला. गौरीनं ओल्या हातानं त्याचं दार धरलं आणि हात झटकून मागं सरली.

"आत्या, फ्रिज चावते."

"चप्पल घालून..." दादा बोलला, आणि तिथंच थांबला. त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

मी गौरीला दंडाला धरून बाहेर काढलं आणि मेन बंद केला. बडनेऱ्याहून दुसरा वायरमन बोलावला. त्यानं फ्रिजमागचा बोर्ड उघडला. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला अर्थिंगची हिरवी वायर जोडलेली दिसत होती. मला हायसं वाटलं. त्यानं ती चिमटीत धरून ओढली, तर अख्खी हातात आली. बोटभर तुकडा. भिंतीत पुढं जमिनीपर्यंत जाणारी वायरच नव्हती. ओट्यावरच्या बोर्डात तसाच तुकडा, पलंगाजवळ तसाच. खिडकीखाली, गौरीनं फुली मारली होती तिथंही तसाच.

आमचा ठेकेदार आला. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही.

"सर, या लेआउटमदल्या माह्या सबन घरायले असंच हाय. आजलोक कोनाले काई झालं नाही."

दादा हळूच म्हणाला, "माही बायको मेली."

"इथं?" ठेकेदार गडबडला.

"अकोल्याले. अशीच मेली. मी तिले चप्पल घालाले सांगतलं होतं."

गौरी दारात उभी होती. तिनं ऐकलं. वहिनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला तो, आणि तेही एका परक्या माणसासमोर.

आता नवी वायर टाकायला आमच्या भिंती फोडून झाल्या आहेत. ठेकेदार फोन उचलत नाही. पण त्यानं बांधलेल्या बाकीच्या घरांत माणसं राहायला आलीत, ऊन तापलंय आणि खिडक्याखिडक्यांत कूलर लागलेत. दादा रोज संध्याकाळी दारोदार फिरतो. मीही जाते. कोणी ऐकतं, कोणी म्हणतं, आम्हाला तर कधी झटका बसला नाही.

काल कोपऱ्यावरच्या घरातली तरुण बाई म्हणाली, "हे आले की विचारते." तिच्यामागं कूलर सुरू होता आणि ओल्या फरशीवर तिचं बाळ रांगत होतं.

"ताई, आत्ताच बंद करा. मी थांबतो इथं," दादा म्हणाला.

तिनं दार लावून घेतलं. कूलरचा आवाज काही थांबला नाही. दादा फाटकाशी उभाच. ओढून आणलं मी त्याला. आज पुन्हा तिथंच गेलाय.

वहिनी, प्रत्येक बोर्डातली वायर पार जमिनीत गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहीन. तोवर गौरी त्या घरात पाऊल टाकणार नाही. हा माझा शब्द. त्या कोपऱ्यावरच्या घराचा शब्द मात्र मी कसा देऊ?

दादा अजून आला नाही. त्याला बघायला निघते.

तुमची नणंद,
सुलभा