धमकीला दहापैकी तीन

ती. ताईस,

तुला नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा (हल्ली घरात सगळ्यात जास्त मान त्यालाच लागतो, असं भावोजी फोनवर सांगत होते). तो लवकर बरा होवो. इकडे आम्ही मजेत. ही मजेत आहे, आणि चिमणी आठवीत गेल्यापासून बापाशी कामापुरतंच बोलते, म्हणजे तीही मजेत.

पत्र लिहायचं कारण, मी परदेशातल्या एका फेलोशिपसाठी अर्ज केला आहे आणि ती मला मिळणारच. ज्या प्राध्यापकांच्या जिवाला मायदेशी धोका आहे त्यांना ती देतात: वर्षभर एक खोली, एक ग्रंथालय आणि जिच्यावर कुणी दगड मारत नाही अशी खिडकी. धोक्याच्या बाबतीत माझी लायकी तू जाणतेसच. इथल्या आमदारसाहेबांच्या आजोबांनी ज्या मोर्चात पुढे राहून लाठ्या खाल्ल्या म्हणून चौकात त्यांचा पुतळा आहे, त्या मोर्चाच्या दिवशी आजोबा कचेरीत होते, हे मी कचेरीच्याच हजेरीपुस्तकावरून दाखवून दिलं. (दहाला आल्याची सही, पाचला गेल्याची सही, आणि मध्ये खुर्चीचा पाय हलतो अशी लेखी तक्रार.) तेव्हापासून माझ्या खोलीची काच तीनदा फुटली, दारावरची पाटी गेली, आणि प्राचार्य मला जिन्यात पाहिलं की वर काहीतरी विसरल्यासारखे माघारी फिरतात.

अर्ज हा हा म्हणता भरून झाला. गाडी अडली ती पंधराव्या रकान्यात: धोक्याचा लेखी पुरावा, मूळ प्रत जोडावी. आता पुरावा होता गं. आजोबा सन्मान समितीचं सही-शिक्क्यानिशी पत्र आलं होतं. पण माझी खोड तुला माहीत आहे. हातात कागद पडला की लाल पेनाचं टोपण आपोआप निघतं, आणि तपासलेला कागद आठ दिवसांच्या आत परत गेलाच पाहिजे, ही बाबांची शिस्त (त्यांनी तर लग्नपत्रिकासुद्धा तपासून परत केल्या होत्या). मी समासात लिहिलं, 'भावना पोचल्या. विधानांना आधार नाही. परिणाम भोगावे लागतील म्हणजे नेमके कोणते? दहापैकी तीन.' आणि पाकिटात घालून समितीला परत पाठवून दिलं. हिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, धमकी कुणी तपासून परत करतं का?" म्हणाली. दोन दिवस घरात हाच विषय होता.

चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, पत्र नाही तर तक्रार नाही, पण काही झालंच तर आधी आमच्याकडे या. शेवटी सरळ समितीच्या कार्यालयात गेलो आणि माझं पत्र परत मागितलं. सचिव म्हणून कोण बसलेला असावा? माझाच जुना विद्यार्थी, दुसऱ्या बाकावरचा, परीक्षेत पुरवण्यांवर पुरवण्या मागणारा. मला पाहून उठून उभा राहिला, स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. जुनं पत्र त्याने फाडून टाकलं होतं. "तीन मार्क बघून लाज वाटली, सर. नवीन लिहून ठेवलंय. ह्या वेळी आधार दिलेत."

दिले होते. दोन पानं, मुद्देसूद. मी घरातून कधी निघतो, बोळातला दिवा कधीपासून बंद आहे, चिमणी क्लासमधून किती वाजता सुटते, कुठल्या रस्त्याने येते, तिची मैत्रीण कुठल्या कोपऱ्यावर वळते, आणि तिथून घरापर्यंत ती किती मिनिटं एकटी असते. सात. मी नंतर स्वतः घड्याळ लावून चाललो, सातच होतात. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, पहिलं पान वाचताना मास्तर म्हणून मला बरं वाटलं, पोराने मनावर घेतलं म्हणून. दुसऱ्या पानावर मी घाबरलो. पेन खिशातून निघालंच नाही, आणि चहाही तसाच राहिला.

असो. पुरावा आता भक्कम आहे आणि अर्ज काल रवाना झाला. एवढं वाचून कोणती निवड समिती मला नाही म्हणेल? सोमवारी आठचा तास नेहमीसारखा घेणार आहे. हजेरीपुस्तकात जे आहे ते आहे, मी ते मागे घेणार नाही. तेव्हा माझी काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. निकाल चार महिन्यांनी लागतो.

ता. क. २. चिमणी रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येते आहे, ही सोडायला येईल. शाळेचा दाखला ही गुपचूप तुझ्या हातात देईल. खरं कारण सांगितलं असतं तर चिमणी हलली नसती (माझीच मुलगी, मला सोडून जायची नाही). म्हणून तिला सांगितलंय, आत्याला गुडघ्यामुळे जागचं उठवत नाही, घरात कुणीतरी हवं.

ता. क. ३. तेव्हा वर गुडघ्याबद्दल जे लिहिलं ते खोडलं असं समज. माझं पुढचं पत्र येईपर्यंत त्याला बरं होऊ देऊ नकोस.