पहिल्या अक्षराचा पाठ

बाई, तुम्ही मला ओळखलं नसेलच. डोक्यावर चष्मा ठेवून कॉलेजभर चष्मा शोधणाऱ्या तुम्ही, आणि आता तर देवाघरी जाऊनही इतकी वर्षं झाली. मेसमध्ये भाकऱ्या थापायची ती मी. लिहायला मला अजून येत नाही. मी सांगते, सून लिहिते. इकडे कतारला, दोहा शहरात, अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसलो आहोत.

तुमच्या त्या लहानशा कॉलेजात शिक्षिका व्हायला पोरी यायच्या आणि सरावाच्या पहिल्या पाठाला तुम्ही त्यांना माझ्यापुढे बसवायचात. "हिला एक अक्षर शिकवून दाखवा, मग वर्गाच्या गोष्टी करा." दरवर्षी तेच कार्ड, तोच ‘क’. एकदा एकीने घाबरून माझ्याआधी उत्तर दिलं, तर केवढ्या चिडलात. "तिला चुकू दे. तू गप्प बस." मी कधी चुकलेच नाही, बाई. त्या कार्डाच्या कोपऱ्याला माझ्याच हाताच्या हळदीचा डाग होता. इकडे तव्यावर भाकरी करपत असायची. डाग दिसला की मी ‘क’ म्हणायची आणि उठायची. पोरी पास. तुम्ही खूश होऊन एका दिवाळीत मला पाटी दिलीत. ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून छान बसली.

आता नात इथल्या एका छोट्या कॉलेजात तेच, शिक्षिका व्हायचं, शिकते आहे. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांसाठी शाळांना लांब सुट्टी, रस्तोरस्ती झेंडे, आणि हिला पाठ घ्यायला मुलंच नाहीत. म्हणून मी. भाषा कुठलीही चालेल म्हणे, तर आईकडून ‘क’ गिरवून आली. गुरुवारी व्हिडिओ द्यायचाय, आणि त्यात मला अक्षर आलेलं दिसलं पाहिजे. पाच कार्डं पिसून समोर ठेवते. एकावरही डाग नाही. "आजी, नो गेसिंग," म्हणते, आणि थांबते. तुमच्यासारखी, हनुवटीला हात लावून.

मुलगा साइटवर, सून ऑफिसात. दिवसभर या घरात एसीचा आवाज तेवढा. नात आली तरी खोलीचं दार लावून घेते. या आठवड्यात मात्र रोज तासभर माझ्यासमोर बसते.

"आजी, काल तर आलं होतं ना?"

"अगं, म्हातारं डोकं. पुन्हा सांग."

बाई, मला ‘क’ येतो. सोमवारपासून येतो. सून लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. लिही म्हटलं, हे पत्र कुठे जायचंय. उद्या गुरुवार. उद्या बरोबर कार्ड उचलीन, पोरीला पास करीन, आणि ते दार पुन्हा लागेल.

तिकडून कुणी येत-जात असेल तर रव्याचे लाडू पाठवा, बेदाणा लावलेले. दोनच. एक ती पास झाल्याचा. दुसरा परवा तिच्या दारावर टकटक करायला. तो जरा मोठा वळा, खायला वेळ लागेल असा.