फुगे कंपनीतली धोक्याची लक्षणं

सोमवार, ८ मे २०१७
वापीचा एक दिवसाचा सेमिनार कामी आला. धंद्यावर संकट एकदम येत नाही. आधी प्रत्येक खात्यात बारीक लक्षणं दिसतात, फक्त बघणारा डोळा लागतो. तो मला आहे. पंकजशेठनी आजपासून मला फुग्यांच्या मोजणीवरून काढून ‘रिस्क मॅनेजर’ केलं. महिनाभर बघू, म्हणाले. नाही जमलं तर परत मोजणीला.
टेबल मिळालं. खुर्ची पॅकिंगमधून आणली. पॅकिंगच्या सुपरवायझर निर्मलाताई तशाही कमी बसतात.

मंगळवार, ९ मे
पहिलं लक्षण. पॅकिंगमध्ये मोजणी करणारी चंद्रिका सारखी डिपिंगमध्ये जाते. डिपिंगमध्ये साचे रबराच्या रसात बुडवतात. तिथे पॅकिंगचं काय काम? उमेश नावाचा ऑपरेटर तिला फुगा दाखवत होता. दिवसभर ती फुगेच बघते.
नोंद: दोन खात्यांत गरजेपेक्षा जास्त समन्वय. चंद्रिकाला समज दिली. ती हसली. हसणं हेही लक्षण असू शकतं. उद्या ठरवतो.

बुधवार, १० मे
ठरवलं नाही. गरम फार होतं.

गुरुवार, ११ मे, सकाळी
गंभीर. पॅकिंगच्या टेबलावर, डिपिंगच्या कट्ट्यावर, डिस्पॅचमध्ये, अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर, माझ्यासुद्धा टेबलावर पिवळे तांदूळ. हळदीचा वास. अक्षता दिसतात, हे मलाही कळतं. पण सोप्या उत्तरावर थांबू नका, असं सेमिनारमध्ये बजावलं होतं. शिवाय कंपनीत लग्नं लागत नाहीत.

दुपारी
निष्कर्ष: उंदीर. कुठून तरी पुलाव आणतात. डहाणू रोडहून पिंजरे मागवले. दाणे पिशवीत सील केले.
निर्मलाताई काही सांगायला आल्या होत्या. तोंडी माहिती मी घेत नाही. दाराजवळची सूचनापेटी दाखवली. बरं साहेब, म्हणाल्या आणि गेल्या. शिस्त लागतेय.

शनिवार, १३ मे
सुरतहून शेठचा फोन. नाशिकचे मोठे खेळणीवाले भामरेसाहेब येत्या गुरुवारी आशागडला आपल्याकडे येणार, कारखाना चालू बघायला. पसंत पडलं तर वर्षभराची ऑर्डर. शेठ स्वतः शुक्रवारपर्यंत सुरतेतच. गुरुवारी काही अडचण आहे का, विचारलं. म्हटलं, असती तर सगळ्यात आधी मला कळली असती. यावर शेठ त्यांच्या गुजराती वळणाने म्हणाले, “जो भाई, व्हिजिट बरोबर झाली तर तुझं खातं पक्कं.”
व्हिजिटिंग कार्डाचा नमुना काढून ठेवला.

सोमवार, १५ मे
प्रविण ड्रायव्हर टेम्पो धुतोय. हा टेम्पो आजवर फक्त पावसाने धुतलाय. आरशाला आंब्याची पानंही बांधली. विकायला काढला असणार. किल्ली ताब्यात घेतली. प्रविणने ती लगेच काढून दिली आणि धुणं चालू ठेवलं.
रिजेक्ट फुग्यांची दोन पोती गायब. उंदरांनी नेली म्हणावं तर पिंजरे रिकामे.

मंगळवार, १६ मे
जेवणाच्या सुट्टीत डिपिंगची पोरं एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरत होती. मधोमध आमचे सगळ्यात जुने कारागीर सुक्यादादा, पाइपाचा तुकडा तोंडाला लावून गाल फुगवत.
मानवी साखळी! सगळं जुळलं. तलासरीच्या नव्या फुगे कंपनीने आपली माणसं फोडलीत. गुरुवारी गेटवर साखळी करून व्हिजिट उधळणार. उंदरांचा मुद्दा तूर्त बाजूला.

बुधवार, १७ मे
खात्याखात्यात फिरून प्रत्येकाला डोळ्यात बघून विचारलं, उद्या येणार ना? सगळे म्हणाले, आम्ही आहोतच, तुम्ही नक्की या. अकाउंट्सच्या संगिताने तर घरच्यांनाही आणा म्हणून सांगितलं. एवढी निष्ठा मी या कंपनीत पाहिली नव्हती. माझ्या नुसत्या फिरण्याने कट मोडला.
शेठना मेसेज: उद्या धोका शून्य.

गुरुवार, १८ मे, सकाळी
कोणी नाही. वॉचमन नाही. टेम्पो नाही. टेम्पोची किल्ली माझ्या खिशात आहे.

नंतर
भामरेसाहेब वेळेवर आले. माणसं दिसत नाहीत, म्हणाले. ऑटोमेशन, म्हणालो. मग डिपिंग स्वतः करून दाखवलं. साचा सुटून रसात पडला. काढायला हात घातला, तो कोपरापर्यंत लाल होऊन आला. हातमोजेही बनवता का, भामरेसाहेबांनी विचारलं. प्रयोग चालू आहेत, म्हणालो. वाळल्यावर बोटं एकमेकांपासून सुटेनात.
डाव्या हाताने सुक्यादादांना फोन लावला. मागे ढोल वाजत होता.
“साहेब, आज चंद्रिका-उमेशचं लगीन नाय का? आवतणाचे तांदूळ तुमच्या टेबलावर पण ठेवले होते.”
विचारलं, मग रजेचे अर्ज कुठे आहेत?
“साऱ्यांनाच आवतण दिलं, मग रजा कोणाकडं मागायची? या सायवनला मांडवात. पंगत बसली.”
फोन स्पीकरवर होता. भामरेसाहेबांनी गाडीची किल्ली काढली.

शुक्रवार, १९ मे
कालचा अहवाल. भामरेसाहेबांनी मला गाडीत घालून थेट सायवनला नेलं. मांडवाला आमचे रिजेक्ट फुगे: वाकडे, एका बाजूला फुगीर, दोन रंग मिसळलेले. भामरेसाहेबांनी दोनदा भात घेतला, सुक्यादादा फुंकत होते त्या तारप्यावर साखळीत शिरून नाचले आणि घाम पुसत निर्मलाताईंना विचारलं की असे वाकडे फुगे नेहमी मिळतील का, बाजारात कोणाकडेच नाहीत. निर्मलाताई म्हणाल्या, सरळ करायलाच त्रास पडतो, वाकडे हवे तेवढे. ऑर्डर पंगतीतच पक्की झाली.
प्रविणकडे दुसरी किल्ली होती.
माझ्या मते व्हिजिट पूर्ण यशस्वी. सगळी खाती एकाच जागी, शंभर टक्के हजेरीने बघायला मिळाली. तसं शेठना कळवलं.

सोमवार, २२ मे
शेठ आले. निर्मलाताईंकडून सगळं समजलंय, म्हणाले. माझा अजून लाल असलेला हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, ऑर्डर मोठी आहे, चंद्रिका रजेवर, तिच्या जागी मोजणीला माणूस हवा. थोडे दिवस तू बस.
रिस्कचं टेबल पॅकिंगला दिलं. तेही थोडे दिवसच असणार.
निर्मलाताईंनी माझ्या मापाचा ॲप्रन शिवायला टाकलाय, खिशावर नाव घालून. तात्पुरत्या माणसाचीही केवढी काळजी. हे कायमचं होईल, असं एकही लक्षण मला दिसत नाही.